पंखाचा कोन सांभाळा: नव्या स्टुडंट पायलटसाठी एरोडायनॅमिक्स आणि कंट्रोल्स

कोल्हापुरातून पायलट व्हायला निघालेली पोरं-पोरी बारामती, धुळे, गोंदिया नाहीतर नागपूरची वाट धरतात. बारावीला फिजिक्स-मॅथ्स झालेलं असतं, मेडिकल झालेलं असतं, डीजीसीएचा (नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाचा) कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षांसाठीचा ओळख क्रमांक, आलेला असतो, टेक्निकल जनरल या पेपरच्या प्रश्नपेढ्या सोडवून चार बलांच्या व्याख्या तोंडपाठ असतात. मग पहिल्या सॉर्टीला (उड्डाणाला) इन्स्ट्रक्टर ‘यू हॅव कंट्रोल’ म्हणतात आणि योकवरची (विमानाच्या हँडलवरची) मूठ पांढरी पडते. पाठांतर आणि हात यांचा अजून काही संबंधच लागलेला नसतो. तो लागावा म्हणून हा लेख आहे. उदाहरणं सेसना १७२ ची घेतली आहेत. तुमच्या क्लबमध्ये १५२ असेल किंवा दुसरं काही असेल तर आकडे त्याच्या पीओएचमधून (विमानासोबतच्या पुस्तिकेतून) घ्या, माझे नकोत.

आधी जमिनीवर

सरळ रेषेत, एका उंचीवर, एका वेगाने जाणाऱ्या विमानात लिफ्ट (वर उचलणारं बल) आणि वजन सारखं, थ्रस्ट (पुढे नेणारं बल) आणि ड्रॅग (मागे ओढणारा हवेचा विरोध) सारखा. इथवर सगळ्यांना येतं. आता हे विचारतो: एकसारख्या वेगाने चढत असलेल्या विमानात लिफ्ट वजनापेक्षा जास्त असते का? बहुतेक जण हो म्हणतात. ती उलट किंचित कमी असते. वजनाचा थोडा भार तिथे थ्रस्टने उचललेला असतो, म्हणून चढाई ही इंजिनकडे शिल्लक राहिलेल्या ताकदीची गोष्ट आहे. ‘चढायचंय ना, मग ओढ योक’ ही सवय इथेच मोडा.

लिफ्टच्या सूत्रात चार गोष्टी येतात: हवेची घनता, वेगाचा वर्ग, पंखाचं क्षेत्रफळ आणि लिफ्ट कोइफिशंट. वेग दुप्पट झाला की बाकी सगळं तसंच असताना लिफ्ट चौपट होते. घनता तुमच्या हातात नाही आणि पंखाचं क्षेत्रफळ फारसं बदलत नाही. उरतो वेग, आणि ज्याच्यावर तो कोइफिशंट मुख्यतः अवलंबून आहे तो कोन: अँगल ऑफ अटॅक. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत सरळ रेषा काढा, तिला कॉर्ड म्हणतात. ही रेषा आणि समोरून येणारी हवा यांच्यामधला कोन तो हाच. या लेखात पुढे जे जे येईल ते सगळं फिरून या कोनापाशीच येणार आहे.

कोन हाताला कळायचा असेल तर एक करा. कागलच्या दिशेने हायवेवरून मोटरसायकलवर मागे बसून जाताना (चालवताना नव्हे) तळहात आडवा धरा आणि पुढची कड हळूहळू वर करा. हात उचलला जातो. आणखी वर करा, आणखी उचलला जातो, पण मागेही ढकलला जाऊ लागतो. एका टप्प्यानंतर उचलणं संपतं आणि नुसता धक्का बसत राहतो. लिफ्ट, ड्रॅग आणि स्टॉल (कोन फार वाढून लिफ्ट कोसळणं), तिन्ही त्या एका मिनिटात आले.

पंखावरची हवा लांबचा रस्ता घेते म्हणून वेगात धावते आणि खालच्या हवेला मागच्या कडेशी बरोबर वेळेवर गाठते, ही गोष्ट अजूनही कुठे कुठे शिकवली जाते. ती चूक आहे. वरची हवा खालच्या हवेच्या आधीच पोहोचते, तिला कुणाला गाठायचं नसतं. पंख हवेला खाली वळवतो, त्याच वेळी पंखावर दाब कमी झालेला असतो. न्यूटन आणि बर्नूली एकाच घटनेचे दोन हिशेब मांडतात, त्यांच्यात भांडण लावू नका. एरोबॅटिक विमान उलटं होऊनही उडतं, ते याच कोनाच्या जोरावर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: हा कोन क्षितिजाशी मोजायचा नसतो. नाक क्षितिजाच्या खाली असतानाही हा कोन प्रमाणाबाहेर जाऊ शकतो. साध्या पंखासाठी साधारण १५ ते १८ अंश ही हद्द. ती ओलांडली की पंखावरची हवा पृष्ठभाग सोडते, लिफ्ट कोसळते. वेग कितीही असो, नाक कुठेही असो. बहुतेक ट्रेनर विमानांत हा कोन दाखवणारं घड्याळ (डायल) नसतं, म्हणून तो हाताने, कानाने आणि एअरस्पीडवरून ओळखायला शिकायचं.

वॉक-अराउंडमध्ये कंट्रोल्सची ओळख

चेकलिस्ट हातात घेऊन विमानाभोवती फिरताना घाई करू नका. कंट्रोल्स कळायला याहून चांगली जागा नाही.

डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर एक छोटं भोक दिसेल. ते स्टॉल वॉर्निंगचं. स्वच्छ हातरुमाल त्यावर ठेवून तोंडाने हवा ओढली की आतून पिपाणीसारखा आवाज येतो. कोन वाढला की त्या भोकापाशी दाब कमी होतो आणि हवा अशीच ओढली जाऊन हॉर्न वाजतो. त्याला ना वीज लागते ना एअरस्पीड इंडिकेटर. त्याच पंखाखाली पिटो ट्यूब (एअरस्पीड मोजण्यासाठी समोरची हवा घेणारी नळी) आहे, तिचं तोंड वाकून बघा. विमान दोन दिवस उभं राहिलं आणि कव्हर घालायचं राहिलं तर कुंभारमाशी आत मातीचं घर बांधू शकते, आणि मग टेकऑफला एअरस्पीडचा काटा हलत नाही.

एलेरॉन पंखांच्या बाहेरच्या टोकाला असतात. एक हाताने वर उचला, दुसऱ्या पंखाचा खाली गेलेला दिसेल. बिजागऱ्या, पिना, पुशरॉड बघा. शेपटीला आडवा एलिव्हेटर, उभा रडर. एलिव्हेटरच्या उजव्या भागाच्या मागच्या कडेला एक लहान पट्टी आहे, ती ट्रिम टॅब. पंखाच्या आतल्या बाजूला फ्लॅप.

आत बसल्यावर ‘कंट्रोल्स फ्री अँड करेक्ट’ नुसतं तोंडाने म्हणू नका. ‘फ्री’ सगळे बघतात, ‘करेक्ट’ राहून जातं. योकवर अंगठा वर करून धरा आणि डावीकडे फिरवा. अंगठा ज्या बाजूला झुकला त्या बाजूचा एलेरॉन वर गेलेला असायला हवा. मेंटेनन्सहून आलेल्या विमानात तर हे दोनदा बघा.

आता प्रत्येक कंट्रोल त्या कोनाशी जोडून घ्या. एलेरॉन खाली गेला की त्या पंखाच्या टोकाकडचा कोन वाढतो आणि तो पंख उचलला जातो. दुसरीकडे उलट. विमान रोल होतं, म्हणजे एका बाजूला कलतं. एलिव्हेटर संपूर्ण विमानाचा कोन ठरवतो: शेपूट सहसा खालच्या दिशेने बल देत असते, योक ओढला की ते वाढतं, शेपूट दबते, नाक उठतं. म्हणजे योक मागे-पुढे करणं हे मुळात ‘वर जा-खाली जा’चं बटण नाहीच, ते कोनाचं हँडल आहे. फ्लॅप खाली केले की पंखाचा आकारच बदलतो, कमी वेगातही पुरेशी लिफ्ट मिळते, सोबत ड्रॅगही येतो. रडरचं काम वेगळं. विमान वळवायला तो नसतो, हे पुढे वळणात बघू.

पहिल्या सॉर्टीत काय करायचं

बाहेर बघायचं. सिम्युलेटरवर खेळून आलेल्या पोरांची नजर घड्याळांना चिकटलेली असते, इन्स्ट्रक्टर शेवटी कागद लावून घड्याळं झाकतात. क्षितिज आणि इंजिन काउलिंगची (इंजिनवरच्या झाकणाची) वरची कड यांच्यात किती बोटं अंतर आहे ते बघा. लेव्हल फ्लाइटचं चित्र, चढाईचं चित्र, उताराचं चित्र डोळ्यांत बसवा. आपल्या भागात एक गंमत आहे. हातकणंगले-इचलकरंजीच्या बाजूला तोंड असताना क्षितिज बऱ्यापैकी सपाट मिळतं. पश्चिमेला वळलात की पन्हाळा-जोतिबाचे डोंगर आणि मागे सह्याद्रीची रांग उभी राहते. डोंगराची कड खऱ्या क्षितिजाच्या वर असते. तिलाच क्षितिज समजून नाक लावलं तर नाक गरजेपेक्षा वर राहतं आणि वेग नकळत गळतो. डोंगराचा पायथा जिथे असेल असं वाटतं, तिथे मनाने रेघ ओढा.

योक दोन-तीन बोटांत धरा. मूठ आवळली की विमान काय सांगतंय ते हाताला कळत नाही.

चढाईला जाताना क्रम: पॉवर, नाकाची स्थिती, ट्रिम. उंचीवर येऊन लेव्हल होताना: नाकाची स्थिती, वेग वाढू द्या, मग पॉवर, मग ट्रिम. ट्रिमबद्दल जरा थांबतो, कारण नव्वद टक्के ओढाताण तिथली असते. ट्रिमने विमान उडवायचं नसतं. आधी योकने नाक हवं तिथे ठेवायचं, धरून ठेवायचं, आणि हातावरचा दाब जाईपर्यंत चाक फिरवायचं. नीट ट्रिम केलेलं विमान हात सोडला तरी तोच वेग धरू पाहतं, खरं तर तोच कोन. मग पॉवर कमी केली तर ते नाक थोडं खाली घालून त्याच वेगाच्या आसपास उतरायला लागतं. जोरात पॉवर दिली तर चढायला लागतं. ‘योक वेगासाठी, थ्रॉटल उंचीसाठी’ असं इन्स्ट्रक्टर अप्रोचला (उतरायला येताना) ओरडतात त्यामागचं कारण हे.

टेकऑफ आणि उजवा पाय

‘राइट रडर!’ हे दोन शब्द पहिल्या महिन्यात तुम्ही स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकाल. सेसनाचं प्रोपेलर पायलटच्या जागेवरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं. त्याच्यामागे गोल फिरत जाणारी हवा शेपटीला डावीकडून थडकते, इंजिनचा टॉर्क विमानाला डावीकडे कलवतो. नाक वर असताना आणखी एक होतं: उजवीकडून खाली येणारं पातं डावीकडून वर जाणाऱ्या पात्यापेक्षा मोठ्या कोनाने हवा कापतं आणि उजवी बाजू जास्त ओढते. पातं म्हणजे फिरणारा पंखच, त्यालाही तोच नियम. या सगळ्यामुळे नाक डावीकडे सरकतं. जास्त पॉवर, कमी वेग, नाक वर, हे तिन्ही एकत्र आले की उजवा पाय लागणारच. क्रूझला तो जवळपास लागत नाही. पॉवर काढून उतरताना उलट थोडा डावा लागू शकतो.

वळण

डावीकडे योक फिरवला की नाक आधी क्षणभर उजवीकडे जातं. मुद्दाम करून बघा, इन्स्ट्रक्टर दाखवतातच. बाहेरच्या पंखावर एलेरॉन खाली आलाय, तो जास्त लिफ्ट देतोय, जास्त लिफ्टसोबत जास्त ड्रॅग आला, त्या ड्रॅगने नाक बाहेर ओढलं. याला अॅडव्हर्स यॉ म्हणतात. रडर आहे तो हे थोपवायला. योक आणि त्याच बाजूचा पाय एकत्र हलवायचे, बँक (हवा तेवढा कल) मिळाली की दोन्ही सोडत आणायचे. टर्न कोऑर्डिनेटरमधला बॉल ज्या बाजूला गेला असेल त्या बाजूचा पाय दाबायचा.

विमान वळतं ते झुकलेल्या लिफ्टमुळे. लिफ्टचा एक हिस्सा आडवा गेला, तेवढा वजन पेलायला कमी पडला. उंची टिकवायला योक ओढावा लागतो, म्हणजे कोन वाढवावा लागतो. ३० अंश बँकला पंखावर वजनाच्या १.१५ पट भार येतो, ४५ ला १.४१ पट, ६० ला दुप्पट. स्टॉलचा वेग या भाराच्या वर्गमुळाने वाढतो. १७२ एस मॉडेल पूर्ण वजनावर, फ्लॅप वर असताना इंडिकेटरवर ४८ नॉट्सला स्टॉल होतं असं पीओएच सांगतं. उंची राखत ४५ अंशांच्या वळणात तेच ५७ नॉट्स, ६० अंशांत ६८. अप्रोचचा वेग साठ-पासष्टच्या घरात असतो, हे डोळ्यांसमोर ठेवा आणि पुढचं वाचा.

स्टॉल, आणि बेसवरून फायनलचं वळण

स्टॉलची भीती बहुतेकांना असते. उंचीवर, इन्स्ट्रक्टरसोबत केलेला स्टॉल सेसनात बऱ्यापैकी सभ्य असतो. थ्रॉटल मागे, उंची टिकवत योक हळूहळू ओढत न्यायचा. कंट्रोल्स मऊ, गिळगिळीत लागतात, वाऱ्याचा आवाज कमी होतो, हॉर्न वाजतो, मग शेपटीतून थरथर येते, नाक पडतं. पंखाला टोकाकडे थोडा पीळ दिलेला असतो म्हणून मुळाकडचा भाग आधी स्टॉल होतो आणि एलेरॉनची बाजू थोडी उशिरा.

बाहेर यायचं असं: योक पुढे. बस, पहिलं काम तेवढंच, कारण रोग कोनाचा आहे. मग पूर्ण पॉवर, रडरने नाक इकडेतिकडे जाऊ न देणं, पंख सरळ, आणि वेग आल्यावर हळू चढाई. एक पंख पडला तर उलट एलेरॉनने उचलायचा मोह होतो. पडलेल्या पंखाचा एलेरॉन खाली गेला की त्याचा कोन आणखी वाढतो, तो आणखी पडतो. स्पिन (स्टॉल होऊन गरगरत खाली जाणं) सुरू झालाच तर: पॉवर आयडल, एलेरॉन मध्ये, फिरण्याच्या उलट दिशेला पूर्ण रडर, योक पुढे, फिरणं थांबलं की रडर मध्ये आणि हलक्या हाताने बाहेर.

खरा धोका सर्किटमध्ये, म्हणजे उतरण्यासाठी रनवेभोवती घ्यायच्या फेरीत आहे. तिच्यात बेस म्हणजे रनवेला आडवा टप्पा आणि फायनल म्हणजे रनवेच्या रेघेत खाली येण्याचा शेवटचा टप्पा. चित्र असं. मागून वारा ढकलतोय, बेसवरून फायनलला वळताना रनवेची रेघ ओलांडली जातेय. बँक वाढवायची भीती वाटते, म्हणून आतल्या बाजूचा पाय दाबून नाक ओढलं जातं. त्याने बाहेरचा पंख वेगाने फिरतो, बँक वाढू लागते, ती रोखायला उलट एलेरॉन. नाक खाली जातं, म्हणून योक मागे. आतला पंख हद्द ओलांडतो, विमान त्याच्यावर उलटतं, आणि खाली पाचशे फूट असतात. वर सांगितलेल्या उपायाला तेवढी जागा पुरत नाही. म्हणून माझा नियम सोपा: सर्किटमध्ये ३० अंशांपेक्षा जास्त बँक नाही, आणि रेघ चुकली तर पाय दाबायचा नाही, गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) करायचं. गो-अराउंड केल्याबद्दल कुणी शहाणा इन्स्ट्रक्टर रागवत नाही.

गो-अराउंडलाही हात तयार लागतो. लँडिंगला ट्रिम केलेल्या विमानाला पूर्ण पॉवर दिली की नाक झपकन वर जातं. योक पुढे दाबून धरावा लागतो, उजवा पाय आत, फ्लॅप लगेच २० वर, वेग आणि चढाई दिसल्यावर बाकीचे टप्प्याटप्प्याने. सगळे फ्लॅप एकदम उचलले तर विमान बसतं.

खाली येताना

फ्लॅप बघायचे असतील तर उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, एटीआर प्रवासी विमान उतरताना कुंपणाबाहेरून बघा. पंख वरच्या बाजूला असल्यामुळे मागची कड खाली आलेली स्पष्ट दिसते. आपल्या १७२ मध्ये पहिल्या १० अंशांत लिफ्टचा फायदा जास्त, शेवटच्या टप्प्यात ड्रॅग जास्त. नाक न उचलता हळू जाता येतं, रनवे समोर दिसत राहतो.

जमिनीपासून पंखांच्या लांबीएवढ्या उंचीच्या आत आलं, १७२ ला सुमारे ११ मीटर, की इंड्यूस्ड ड्रॅग (लिफ्टसोबत येणारा ड्रॅग) कमी होतो आणि विमान तरंगत राहतं. दहा नॉट्स जास्त घेऊन आलात तर अर्धा रनवे तरंगण्यात जाईल. जबरदस्तीने खाली दाबू नका, नोजव्हील आधी टेकेल. टेकऑफला हाच परिणाम उलटा फसवतो: वेग पुरेसा नसताना विमान उचलतं आणि थोडं वर गेल्यावर बसू लागतं.

आडव्या वाऱ्याचा हिशेब तोंडी यायला हवा. कोल्हापूरचा रनवे ०७-२५ आहे (म्हणजे सुमारे ७० आणि २५० अंशांच्या दिशेचा), पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा २५ ला बराच समोरून मिळतो. टॉवरने २२० अंशांवरून १२ नॉट्स सांगितला तर रनवेशी कोन ३० चा, आडवा वारा निम्मा म्हणजे ६, समोरचा साधारण १०. वाऱ्याकडचा पंख किंचित खाली, उलट रडरने नाक रेघेवर, वाऱ्याकडचं चाक आधी टेकवायचं.

आपल्या उंचीचा आणि उन्हाचा हिशेब

उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ पासूनचा, समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर. त्यामुळे जमिनीपासून १००० फुटांचं सर्किट म्हणजे क्यूएनएच (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा दाब) लावलेल्या अल्टिमीटरवर ३०००. सवय नसलेला पोरगा मुंबईच्या आकड्यावर उडायला जातो आणि गोंधळतो.

एप्रिलची दुपार धरा, ३८ अंश सेल्सिअस. प्रमाणित वातावरणात २००० फुटांवर ११ अंश असायला हवेत. फरक २७. प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट धरले तर ३२४० फूट. म्हणजे विमानाच्या दृष्टीने तो रनवे ५२०० फुटांवर आहे. हवा विरळ, इंजिनला दम कमी, प्रोपेलरला पकड कमी. इंडिकेटरवर तुम्ही ६५ च बघायचे, कोनाच्या दृष्टीने तोच आकडा बरोबर, पण खरा वेग ७० च्या आसपास असतो. जमीन जास्त वेगाने पळताना दिसते म्हणून ‘फास्ट आलोय’ वाटून वेग कमी करू नका. टेकऑफला रनवे जास्त लागेल आणि चढाई मंद असेल, किती ते पीओएचच्या तक्त्यात बघा आणि पूर्ण टाकी, दोन माणसं, सामान असा खरा भार टाकून बघा. वजनाबरोबर सीजीही (गुरुत्वमध्यही) तपासा. तो मागच्या हद्दीपलीकडे गेला तर स्टॉलमधून नाक खाली घालायला एलिव्हेटर पुरणार नाही.

उन्हाळ्यात सर्किट-लँडिंगच्या सॉर्टी सकाळी दहाच्या आत मागून घ्या. नांगरलेल्या रानावरून आणि डांबरावरून उठणारे झोत दुपारी विमानाला एवढं हलवतात की नवशिक्याला आपली चूक कोणती आणि हवेची कोणती ते कळत नाही. आणि कटाची मिसळ सॉर्टीच्या नंतर, आधी नको.